चूक सिद्ध झाली तरी दावा का हरतो? व्यावसायिक निष्काळजीपणा न्यायालयात कसा तपासला जातो

१ जानेवारी १९६६ च्या पहाटे लंडनमध्ये तीन रखवालदारांनी चहा घेतला आणि तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. ते जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात गेले. नर्सने ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांची स्वतःची तब्येत बरी नव्हती. त्यांनी रुग्णांना न पाहताच ‘घरी जा, आपापल्या डॉक्टरांना दाखवा’ असा निरोप दिला. त्याच दिवशी दुपारी तिघांपैकी एकाचा मृत्यू झाला. चहात आर्सेनिक होते. त्याच्या पत्नीने दावा लावला. रुग्णाला तपासायला हवे होते आणि न तपासणे हा निष्काळजीपणाच होता, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे म्हटले. तरीही दावा फेटाळला गेला. कारण असे, की त्याला लगेच दाखल करून घेतले असते, रक्त तपासले असते, निदान झाले असते, तरीसुद्धा उतारा देईपर्यंत वेळ निघून गेलेली असती.

हा निकाल निष्ठुर वाटतो, पण अशा दाव्यांची खरी अडचण त्यात नेमकी दिसते. दावा लावणारा माणूस सगळी ताकद ‘चूक झाली’ हे दाखवण्यात घालवतो. न्यायालय त्याच्या पुढचा प्रश्न विचारते: ही चूक झाली नसती, तर काय वेगळे घडले असते? डॉक्टर, वकील, सीए, स्ट्रक्चरल इंजिनिअर, मूल्यांकनकार कोणीही समोर असो, दावा टिकतो तो या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर. आणि ते उत्तर रागातून किंवा दुःखातून मिळत नाही, कागदांतून उभे करावे लागते.

इंग्लंड, भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा ज्या देशांची कायद्याची घडण एकाच परंपरेतली आहे, तिथे दावेदाराला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. समोरच्यावर तुमच्या बाबतीत काळजी घेण्याचे कर्तव्य होते. ते त्याने मोडले. त्यामुळेच नुकसान झाले. आणि ते नुकसान पैशात मोजता येण्याजोगे आहे. चारपैकी तीन सिद्ध झाल्या म्हणून पंचाहत्तर टक्के भरपाई मिळत नाही. एक कडी तुटली की सगळा दावा जातो. दिलासा एवढाच, की दिवाणी दाव्यात ‘निःसंशय’ सिद्ध करण्याची गरज नसते. तुमचे म्हणणे खरे असण्याची शक्यता खोटे असण्यापेक्षा जास्त आहे, एवढे दिसले तरी पुरते.

काम नेमके काय स्वीकारले होते?

कर्तव्याचा मुद्दा बहुतेक वेळा लवकर निकाली निघतो. डॉक्टरांनी रुग्णाला तपासायला घेतले, वकिलाने वकीलपत्रावर सही केली, सीएने नियुक्तीपत्र स्वीकारले, की कर्तव्य सुरू झाले. वाद होतो तो त्याच्या व्याप्तीवरून. सीएकडे फक्त विवरणपत्र भरण्याचे काम दिले असेल, तर कारकुनाने केलेली अफरातफर त्याने का पकडली नाही, असे विचारता येत नाही. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने फक्त डिझाइन दिले असेल आणि साइटवरची देखरेख दुसऱ्याकडे असेल, तर सळई कमी पडल्याचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. म्हणून दाव्यातला पहिला कागद म्हणजे कामाची व्याप्ती सांगणारे पत्र. ते नसेल तर ईमेल, बिलावरचे वर्णन आणि प्रत्यक्ष केलेले काम यांवरून व्याप्ती काढावी लागते.

जिने फी दिलेली नाही अशी तिसरी व्यक्ती दावा लावते, तेव्हा मात्र खरी अडचण येते. कंपनीचा ताळेबंद वाचून कोणी शेअर घेतले आणि ताळेबंद चुकीचा निघाला, तर ऑडिटर त्याला देणे लागतो का? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तिथले तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय) १९९० मध्ये कॅपारो खटल्यात ‘नाही’ असे उत्तर दिले. वैधानिक, म्हणजे कायद्याने सक्तीचे ऑडिट भागधारकांना कंपनीच्या कारभारावर लक्ष ठेवता यावे म्हणून असते, बाजारातल्या प्रत्येक गुंतवणूकदाराच्या सौद्यासाठी नसते, असे त्यामागचे कारण. अहवाल कोणासाठी, कशासाठी दिला आणि ती व्यक्ती त्यावर विसंबून काय करणार आहे हे देणाऱ्याला माहीत होते का, हे तीन प्रश्न इथे निर्णायक ठरतात.

वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे

कर्तव्यभंग कशाला म्हणायचे, याची आजही वापरात असलेली कसोटी १९५७ च्या बोलम खटल्यातून आली. मानसिक आजारासाठी विजेचे झटके देताना रुग्णाला स्नायू सैल करणारे औषध दिले नव्हते आणि त्याला नीट धरूनही ठेवले नव्हते. त्याचे खुब्याचे हाड मोडले. त्या काळी हे औषध द्यावे की नाही, यावर डॉक्टरांमध्येच दोन मते होती. त्या क्षेत्रातल्या जबाबदार जाणकारांच्या एका गटाला जी पद्धत योग्य वाटते ती वापरली असेल, तर दुसरा गट विरोधात आहे एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, असे न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले. रुग्ण हरला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात हीच कसोटी मान्य केली.

तुलना जगातल्या सर्वोत्तम तज्ज्ञाशी होत नाही; त्या कामाची पात्रता असलेल्या, सर्वसाधारण कुशल माणसाशी होते. आणि तीही त्या दिवशीच्या ज्ञानाच्या आधारे. आज सीटी स्कॅनमध्ये गाठ स्पष्ट दिसते म्हणून सहा महिन्यांपूर्वीच्या धूसर एक्स-रेमध्ये ती दिसायलाच हवी होती, असे म्हणता येत नाही. परिणाम कळल्यावर मागचे सगळे सोपे वाटते. म्हणून उत्तम तज्ज्ञ आधी जुना एक्स-रे पाहतो, त्यावरचे मत लिहून ठेवतो आणि मगच पुढचे अहवाल उघडतो.

बोलम कसोटीवर टीका झाली, की ती व्यावसायिकांनी एकमेकांना सांभाळून घेण्याची सोय आहे. १९९७ च्या बोलिथो खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला उत्तर दिले: जाणकारांचा गट पाठीशी असणे पुरेसे नाही, त्यांचे मत तर्काला उतरले पाहिजे. धोका आणि फायदा यांचा विचार करूनच ती पद्धत निवडली होती, हे दिसले पाहिजे. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने १९३२ मध्येच असे सांगून ठेवले होते. वादळात बुडालेल्या बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) ओढणाऱ्या बोटींवर हवामानाची बातमी ऐकू येईल असा रेडिओ संच नव्हता. इतर बोटींवरही नसतो, हा बचाव चालला नाही. सगळा धंदाच मागे राहिलेला असू शकतो, असे न्यायालयाचे मत पडले.

परिणाम आणि दोष यांत किती अंतर असते, हे न्यूयॉर्क राज्यातल्या रुग्णालयांच्या १९८४ सालच्या नोंदींच्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. तीस हजारांहून अधिक केस पेपर तपासले गेले. उपचारांमुळे अपाय झाल्याचे ३.७ टक्के दाखल रुग्णांत आढळले, आणि त्या अपायांपैकी निष्काळजीपणा होता सुमारे २७.६ टक्क्यांत. म्हणजे अपाय झालेल्या दर चार जणांमधल्या साधारण तिघांच्या बाबतीत कोणाचीही चूक नव्हती. ज्याच्या घरी आघात झाला आहे, त्याला हे पचवणे फार कठीण जाते, पण दाव्यावर पैसा आणि वर्षे खर्च करण्याआधी ते कोणीतरी त्याला प्रामाणिकपणे सांगायला हवे.

संमतीचा प्रश्न निराळा आहे, आणि तिथे कसोटी रुग्णाच्या बाजूने झुकली आहे. ऑस्ट्रेलियात एका बाईच्या एका डोळ्याची नजर लहानपणापासून अधू होती. त्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तिच्या परिणामाने चांगल्या डोळ्याचीही दृष्टी गेली. असे होण्याची शक्यता होती सुमारे १४,००० मध्ये एक. इतका विरळ धोका सांगण्याची पद्धत नाही, हा डॉक्टरांचा बचाव १९९२ मध्ये फेटाळला गेला. ती बाई चांगल्या डोळ्याला काही होणार नाही ना, अशी सतत काळजी व्यक्त करत होती; तिच्या लेखी तोच धोका सर्वांत महत्त्वाचा होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात हेच तत्त्व स्वीकारले. मधुमेही मातेच्या प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के होती आणि तिला ती सांगितलेली नव्हती. भारतात समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये ठरले, की तपासणीसाठी दिलेली संमती मोठी शस्त्रक्रिया करायला पुरत नाही, जीव वाचवण्यासाठी तातडीने करावी लागली तरच अपवाद.

छापील संमतीपत्रावर सही आहे म्हणून डॉक्टर सुटत नाही, आणि सही नाही म्हणून आपोआप अडकतही नाही. पाहिले जाते ते असे: सही केव्हा घेतली, स्ट्रेचरवर की आदल्या दिवशी, फॉर्म रुग्णाला समजणाऱ्या भाषेत होता का, पर्याय सांगितले का, आणि सांगितल्याची नोंद केस पेपरवर आहे का.

सर्वांत कठीण कडी

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ‘ही चूक झाली नसती तर’ हे कल्पनेतले जग पुराव्याने उभे करायचे असते.

वैद्यकीय दाव्यात मूळ आजार आणि चूक यांची सरमिसळ झालेली असते. १९८७ च्या हॉट्सन खटल्यात तेरा वर्षांचा मुलगा झाडावरून पडला होता. खुब्याचे फ्रॅक्चर रुग्णालयाच्या लक्षात आले नाही, ते पाच दिवसांनी कळले. पुढे सांध्याचा रक्तपुरवठा जाऊन त्याला कायमचे अपंगत्व आले. न्यायाधीशांनी पुरावा पाहून निष्कर्ष काढला, की वेळेत निदान झाले असते तरी ७५ टक्के शक्यता अपंगत्वाचीच होती. हुकलेल्या २५ टक्के संधीचे पैसे मिळावेत, अशी मुलाची मागणी होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने ती नाकारली. पन्नासच्या वर गेलात तर संपूर्ण भरपाई, खाली राहिलात तर अपंगत्वाबद्दल काही नाही. या ‘सगळे किंवा काहीच नाही’ नियमावर अजूनही वाद आहे आणि अमेरिकेतल्या काही राज्यांनी हुकलेल्या संधीचीही किंमत मान्य केली आहे. तुमचा दावा कोणत्या नियमाखाली येतो, हे पहिल्याच भेटीत वकिलाला विचारा.

म्हणून ‘निदान उशिरा झाले’ एवढे म्हणणे कुचकामी आहे. किती दिवस उशीर झाला, त्या दिवशी आजार कोणत्या टप्प्यात होता, त्या टप्प्यावर कोणता उपचार मिळाला असता आणि त्याचा निकाल साधारण काय लागतो, ही साखळी जोडावी लागते. पॅथॉलॉजीची जुनी स्लाइड, स्कॅनमधले गाठीचे माप, रक्ताच्या अहवालावरची वेळ अशा बारीकसारीक गोष्टींवर ही साखळी उभी राहते. उशीर आणि अपाय यांच्यामध्ये रुग्ण स्वतः औषध बंद करून बसला होता किंवा बोलावल्यावर गेला नव्हता, तर प्रतिपक्ष तिथेच घाव घालणार. मग भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते, कधी साखळीच तुटते.

वकिलाविरुद्धच्या दाव्यात तर एका खटल्याच्या पोटात दुसरा खटला चालवावा लागतो. समजा, वकिलाने अपघाताचा दावा मुदतीत दाखल केला नाही. चूक उघड आहे. पण मूळ दावा मुळात कमकुवत असेल, तर अशिलाने गमावले काय? त्यामुळे मूळ दाव्यातले साक्षीदार, पंचनामा, वैद्यकीय कागद पुन्हा मांडून तो जिंकण्याजोगा होता हे दाखवावे लागते. समोरच्याकडे पैसे होते का, हुकूमनामा मिळूनही वसुली झाली असती का, हेही विचारले जाते. इंग्लंडमध्ये १९५८ च्या किचन खटल्यापासून अशा प्रसंगी न्यायालय हुकलेल्या दाव्याची संधी तोलून तेवढी रक्कम देऊ शकते. म्हणजे वैद्यकीय दाव्यातला कडक नियम इथे शिथिल होतो. सल्ला देण्यातली चूक असेल, तर आणखी एक पायरी येते. योग्य सल्ला मिळाला असता तर तुम्ही वेगळे वागला असता का? ‘अर्थातच’ हे उत्तर सगळेच देतात. त्या काळातले ईमेल, फोनवरचे संदेश, दुसऱ्या व्यवहारांत दाखवलेली सावधगिरी यांचा आधार असेल, तरच त्याला वजन येते.

मूल्यांकनाच्या दाव्यात लोक आणखी एका ठिकाणी फसतात. मूल्यांकनकाराने मालमत्ता १०० ची ठरवली, खरी किंमत ७० होती, बँकेने कर्ज दिले, आणि मग बाजार कोसळून ती ४० वर आली. बँकेचे नुकसान मोठे आहे, पण चुकीची माहिती देणाऱ्याची जबाबदारी त्या माहितीच्या चुकीपुरती, म्हणजे ३० पर्यंतच असते. बाजार त्याने पाडलेला नाही. इंग्लंडमध्ये हे १९९६ मध्ये ठरले आणि तिथे मूल्यांकनाच्या दाव्यात रकमेची वरची मर्यादा अशीच काढतात.

बांधकामाच्या दाव्यात कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. स्लॅबला तडा गेला तर दोष डिझाइनचा, सळई कमी टाकणाऱ्या किंवा क्युरिंग न करणाऱ्या (काँक्रीट पुरेसे दिवस ओले न ठेवणाऱ्या) ठेकेदाराचा, की वर पाण्याची जादा टाकी बसवणाऱ्या मालकाचा? उत्तर मिळते ते नकाशांच्या तारखा आणि सुधारित आवृत्त्या, २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ताकदीच्या चाचणीचे) अहवाल, काँक्रीटचे कोर काढून केलेली चाचणी आणि सळयांची जागा शोधणारी स्कॅनिंग यांतून. इथे सर्वांत महागात पडणारी गोष्ट म्हणजे पुरावा नोंदवण्याआधी केलेली दुरुस्ती. तडा बुजवून रंग दिला, की त्याबरोबर कारणही झाकले जाते. इमारत धोकादायक असेल तर दुरुस्ती थांबवता येत नाही, हे खरे. पण आधी मोजपट्टी शेजारी धरून, तारखेसह फोटो घ्या, तड्याची रुंदी आणि लांबी लिहा, समोरच्याला पाहणीची लेखी संधी द्या आणि काढलेले तुकडे चिठ्ठी लावून ठेवा.

कागद, तारखा आणि तज्ज्ञ

दाव्याची सुरुवात कायद्याच्या कलमांपासून करू नका. एक कालक्रम बनवा. डाव्या रकान्यात तारीख आणि वेळ, मध्ये काय घडले, उजवीकडे ते कोणत्या कागदावरून कळले. आठवणीतून लिहिलेल्या ओळींपुढे ‘आठवण’ असेच लिहा. कागद आणि आठवण जिथे जुळत नाही, तिथेच उलटतपासणी होणार असते. ती जागा आपल्याला आधी सापडलेली बरी.

रुग्णालयाकडून फक्त डिस्चार्ज समरी घेऊन लोक परत येतात. ती नंतर लिहिलेली असते आणि सगळे सुरळीत झाल्यासारखी वाचली जाते. खरी माहिती नर्सिंगच्या नोंदींत, तापमान-नाडी-रक्तदाबाच्या तक्त्यात, औषध दिल्याच्या चार्टवर, भुलीच्या नोंदीत आणि शस्त्रक्रियेच्या टिपणात असते. एक्स-रे आणि स्कॅनच्या लेखी अहवालाबरोबर मूळ प्रतिमाही मागा. भारतात वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात. मागणी लेखी द्या, पोच घ्या. वकिलाविरुद्ध दावा असेल तर न्यायालयाचा रोजनामा, तुम्ही दिलेल्या सूचना आणि फीच्या पावत्या. ऑडिटरविरुद्ध असेल तर त्याचे वर्किंग पेपर, म्हणजे तपासणी करताना त्याने ठेवलेली टिपणे. बँकेतल्या शिलकीची खात्री त्याने थेट बँकेकडून केली की कंपनीने हातात दिलेल्या कागदावर विश्वास ठेवला, हे त्यांतच दिसते.

नोंदीत खाडाखोड दिसली की ‘फेरफार केला’ असा आरोप चटकन केला जातो. थोडे थांबा. चुकीचा शब्द एका रेघेने खोडून, सही-तारीख घालून केलेली दुरुस्ती नियमातच बसते. संशयास्पद असते ती मजकूर वाचता येणार नाही अशी गिरवलेली जागा, किंवा आठवड्याभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसणे. संगणकावरच्या नोंदींत कोणी, केव्हा, काय बदलले याचा माग राहतो. तो माग वेगळा मागावा लागतो, छापील प्रतीत येत नाही. कागद गहाळ झाले तर न्यायालय ते ठेवणाऱ्याच्या विरुद्ध अनुमान काढू शकते. मात्र या अनुमानाने कर्तव्यभंगाची कडी बळकट होते, कार्यकारणाची प्रत्येक वेळी होईलच असे नाही.

मग तज्ज्ञ. तो त्याच शाखेचा आणि त्या काळात प्रत्यक्ष ते काम करणारा हवा. मणक्याच्या शस्त्रक्रियेबद्दल जनरल सर्जनचे मत उलटतपासणीत दहा मिनिटे टिकत नाही. त्याला विचारायचे प्रश्न दोन आणि ते वेगवेगळे ठेवायचे: केलेले काम स्वीकारार्ह पातळीच्या खाली होते का, आणि योग्य काम झाले असते तर परिणाम वेगळा झाला असता का. दुसऱ्या प्रश्नासाठी कधी वेगळाच तज्ज्ञ लागतो. कर्करोगाचे निदान चुकवणारा जनरल प्रॅक्टिशनर असेल, तर त्याच्या वागण्यावर दुसरा जनरल प्रॅक्टिशनर बोलेल, पण जगण्याच्या शक्यतेवर कर्करोगतज्ज्ञच बोलू शकतो. तज्ज्ञाला सगळे कागद द्या, आपल्या विरोधातलेही. त्याचे पहिले कर्तव्य न्यायालयाशी असते, फी देणाऱ्याशी नाही. ‘मी असतो तर असे केले नसते’ असे लिहिणारा अहवाल जवळजवळ निरुपयोगी आहे. ‘कोणताही जबाबदार जाणकार असे करणार नाही, आणि याची कारणे ही’ असे तो म्हणू शकतो का, हा खरा प्रश्न आहे.

तज्ज्ञ लागतच नाही, असेही प्रसंग असतात. पोटात कापूस राहिला, उजव्याऐवजी डावा पाय कापला, वकील तारखेला गेलाच नाही. अशा वेळी घटनाच पुरेशी बोलते आणि खुलासा देण्याची पाळी प्रतिवादीवर येते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात, ग्राहक आयोगापुढच्या प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही, असे सांगितले. त्या प्रकरणात हिवताप असताना विषमज्वराचे उपचार चालले होते. अमेरिकेत अनेक राज्यांत याच्या उलट, तज्ज्ञाने दाव्यात तथ्य असल्याचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय वैद्यकीय दावा पुढे सरकत नाही.

कोणत्या दारात जायचे

भरपाई, परवान्यावरची कारवाई आणि तुरुंगवास ही तीन वेगळी दारे आहेत. वैद्यकीय परिषद किंवा बार कौन्सिल शिस्तीची कारवाई करते. तिथे जिंकून नुकसानभरपाई हातात पडत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर असावा लागतो. जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर खटला चालवण्याआधी दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे विश्वासार्ह मत असणे आवश्यक केले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दडपण आणण्यासाठी आधी पोलिसांत जाणे हा मला वाईट सल्ला वाटतो. मूळ कागद जप्त होतात, फौजदारी तपासात ‘घोर चूक नाही’ असे मत आले की ते दिवाणी दाव्यात तुमच्यापुढे ठेवले जाते, आणि तोवर मुदत सरत असते.

भारतात डॉक्टरांची सशुल्क सेवा १९९५ च्या निकालापासून ग्राहक कायद्यात येते. सर्वांनाच मोफत असलेली सेवा येत नाही. वकिलांची सेवा मात्र त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले. त्यांच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयातच जावे लागते. ग्राहक आयोगाची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. इंग्लंडमध्ये शारीरिक इजेसाठी तीन वर्षे, इजा झाल्यापासून किंवा ती कळल्यापासून. बहुतेक व्यावसायिक दाव्यांत मुदत कधी सुरू झाली यावरच पहिली लढाई होते, म्हणून ‘मला हे प्रथम केव्हा कळले’ याचा कागद जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचे पत्र, आयकर विभागाची नोटीस, बँकेचा ईमेल, काहीही चालेल.

रकमेचे गणित दोन ढिगांत करा. बिले, बुडालेली कमाई, पुढच्या शुश्रूषेचा खर्च, दुरुस्तीचा खर्च हे आकड्यांनी दाखवता येते. वेदना आणि आयुष्याची हानी आकड्यांत बसत नाही. तिथे न्यायालय आधीच्या निकालांचा आधार घेते. मूळ आजारामुळे होणारच होता तो खर्च दोन्हींतून वजा करा, नाहीतर प्रतिपक्ष तो करेल आणि तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडेल. नुकसान वाढू न देण्यासाठी तुम्ही वाजवी प्रयत्न केलेत का, हेही पाहिले जाते.

शेवटी नोटीस. बहुतेक व्यावसायिकांचा जबाबदारी विमा असतो, आणि विमा कंपनीच्या परवानगीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही अशी अट पॉलिसीत सहसा असते. त्यामुळे समोरचा माणूस गप्प बसतो, तेव्हा ते दरवेळी निर्ढावलेपणच असते असे नाही. ‘चूक मान्य करा’ अशा पत्राला उत्तर येत नाही. ‘१२ तारखेचा पोटॅशियमचा अहवाल वॉर्डात किती वाजता पोचला, तो कोणी पाहिला आणि त्यानंतर कोणती कृती केली’ असे विचारले, तर एक तर उत्तर येते, नाहीतर विचारूनही उत्तर दिले नाही याची नोंद राहते. दोन्हींचा न्यायालयात उपयोग होतो.